कानाचं मशीन आणि खिशातला फोन: जोडी जुळवण्याआधी आणि जुळवताना

नाशिकमध्ये कानाचं मशीन घ्यायला गेलेल्या माणसाला हल्ली पहिल्याच भेटीत सांगतात, ‘हे ब्लूटूथवालं आहे, फोन थेट कानात ऐकू येईल.’ बोलणं खोटं नसतं. पण ‘ब्लूटूथ’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या पद्धती नांदतात. तुमच्या खिशातल्या फोनला त्यातली कुठली जमते, त्यावर ‘थेट कानात’ हे खरं होणार की नाही ते ठरतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात लोकांचे फोन लावून द्यायचं काम माझ्याकडे असतं. तिथं येणाऱ्या तक्रारी बहुतेक मशिनच्या नसतातच, न जुळणाऱ्या जोडीच्या असतात. मशीन चांगलं, फोनही चांगला, पण एकमेकांची भाषा येत नाही.

पहिल्यांदाच मशीन घेणारे आणि त्यांच्यासोबत दुकानात जाणारी मुलं, सुना, नातवंडं या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आत नेमकं काय चालतं

मशिनमध्ये तीन गोष्टी असतात. बाहेरचा आवाज पकडणारा माइक, त्यावर काम करणारी चिप आणि कानात आवाज सोडणारा इवलासा स्पीकर, ज्याला रिसीव्हर म्हणतात. चिप सगळा आवाज सरसकट वाढवत नाही. तुमच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखात, ज्या पट्टीत कमी ऐकू येतं असं दिसतं, तिथं ती जास्त जोर देते. वयोमानानं ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ ही अक्षरं निसटतात आणि मग ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ असं माणूस म्हणायला लागतो.

फोन जोडला की त्यातला आवाज २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून सरळ चिपमध्ये येतो, मशिनच्या माइकची गरजच उरत नाही. पुढचं काम तेच: तुमच्या तपासणीप्रमाणे वाढवून कानात सोडायचं. साधा इअरफोन आणि मशीन यांत फरक पडतो तो इथं. इअरफोन सगळ्यांना एकसारखा ऐकवतो, मशीन तुमच्या कानाच्या मापानं ऐकवतं. शिवाय फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं, द्वारका चौकात उभे असाल तर गाड्यांचे हॉर्न मध्ये घुसतात, ते सगळं टळतं. आणि आवाज एका कानाऐवजी दोन्ही कानांत येतो. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच, कारण दोन्ही कान कामाला लागले की शब्द उलगडायला फार मदत होते.

लहरी मोकळ्या जागेत साधारण १० मीटरपर्यंत जातात, पण माणसाचं शरीर मध्ये आलं की अडतात. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. फोन पँटच्या मागच्या खिशात डावीकडे असेल आणि उजव्या कानात आवाज तुटत असेल, तर मशीन दुरुस्तीला नेण्याआधी फोन पुढे आणून बघा.

‘दिवसभर कानात लहरी, डोक्याला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न हमखास येतो. मशीन ज्या शक्तीनं लहरी सोडतं ती फोन टॉवरशी बोलताना वापरतो त्यापेक्षा कितीतरी कमी असते. खरी काळजी घ्यायची ती पेसमेकर असलेल्यांनी. मशीन, त्याची चार्जिंग डबी आणि फोन यातलं काहीही शर्टाच्या खिशात ठेवू नये, पेसमेकरपासून निदान १५ सेंटीमीटर लांब असावं. एमआरआयच्या खोलीत जाताना मशीन काढून बाहेर ठेवायचंच.

चार पद्धती

पहिली आयफोनची. ॲपलनं २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत ‘मेड फॉर आयफोन’ मशिनांसाठी सोय आणली. कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ वापरून आवाज थेट दोन्ही मशिनांत पाठवायचा, अशी ती व्यवस्था. आजही आयफोनवाल्यांना सगळ्यात कमी त्रास होतो तो यामुळेच.

दुसरी अँड्रॉइडची ‘आशा’. आपली आशा नव्हे. गूगलनं जीएन हिअरिंग या कानाची मशिनं बनवणाऱ्या कंपनीसोबत २०१८ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते नाव झालं आहे. अँड्रॉइड १० पासून ती आहे, पण फोन बनवणाऱ्या कंपनीनं ती चालू ठेवलेली असावी लागते. त्यामुळे अँड्रॉइड नवं असूनही एखाद्या स्वस्त फोनवर ती नसते, आणि दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

तिसरी जुनी, साधी ब्लूटूथ पद्धत, जिच्यावर गाडीतला स्पीकर किंवा हेडफोन चालतो. फोनॅक या कंपनीची बरीच मशिनं हीच वापरतात. आयफोन असो, अँड्रॉइड असो, ब्लूटूथ असलेला बटणांचा फोन असो, चालतं. ज्यांना स्मार्टफोन नकोच आहे त्यांच्यासाठी हा चांगला रस्ता आहे. यात बॅटरी थोडी जास्त खर्च होते, इतकंच.

चौथी सगळ्यात नवी, ‘एलई ऑडिओ’. २०२० मध्ये जाहीर झाली, २०२२ मध्ये तिचे नियम पुरे झाले. पुढे सगळं याच वाटेनं जाणार असं दिसतं. अँड्रॉइड १३ पासून तिला आधार आहे, पण फोनमधली ब्लूटूथची चिपही तशीच लागते. नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करून ती येत नाही.

यातलं काहीच जुळलं नाही तरी मार्ग आहे. बऱ्याच कंपन्यांचा गळ्यात अडकवायचा किंवा शर्टाला लावायचा छोटा स्ट्रीमर मिळतो. फोन त्याच्याशी बोलतो, तो मशिनशी. एक वस्तू जास्त सांभाळावी लागते, म्हणून मी तो शेवटचा उपाय धरतो.

पायरी पहिली: तपासणी, मगच दुकान

ऑडिओग्रामशिवाय मशीन घेऊ नका, आणि त्याची प्रत घरी आणा. ती तुमची आहे, दुसरीकडे विचारायला गेलात तर तीच लागते. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घशाची ओपीडी आहे. आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या, कारण मळाचा बोळा किंवा पडद्याचा आजार असेल तर मशिनच्या आधी उपचार लागतात. नंतर ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणारे तज्ज्ञ. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर मशिनचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पैशांची अडचण असेल तर सरकारी रस्ते आहेत. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र दिव्यांगांना मशीन मिळतं आणि त्यासाठी लागणारं दिव्यांग प्रमाणपत्र सिव्हिलमधून होतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ती याच कामाची. पंचवटी एक्सप्रेसनं दादरला उतरून जाऊन येणं जमतं. योजनेतल्या मशिनला ब्लूटूथ असेलच असं मात्र धरून चालू नका. दुकानातून घेत असाल तर एक लक्षात ठेवा: श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बिलात लावलेला दिसला तर विचारा.

पायरी दुसरी: मशीन आधी, फोन नंतर

यावर घरात वाद होतात. नवाकोरा फोन आहे, मग त्याला चालेल असंच मशीन घेऊ, असं मुलं म्हणतात. माझं म्हणणं उलट. ऐकणं किती कमी झालंय, कानाची नळी केवढी आहे, बोटांना बारीक वस्तू पकडता येते का, यावर मशीन ठरू द्या. ते कानाशी जुळायला हवं आणि पुढची काही वर्षं दिवसभर कानात राहणार असतं. फोन त्याआधीच बदलला जाईल.

आकाराबद्दल एक सावधगिरी. कोणाला दिसू नये म्हणून पूर्ण कानाच्या आत बसणारं मशीन मागणारे पुष्कळ. त्या इवल्या मशिनमध्ये अँटेना आणि मोठा सेल बसवायला जागा नसते, म्हणून त्यात फोनचा आवाज बहुधा येत नाही. फोन महत्त्वाचा असेल तर कानामागे बसणारं, बारीक तारेनं रिसीव्हर कानात जाणारं मशीन घ्या. केसांत ते फारसं दिसतही नाही.

मशीन नक्की झालं की त्याचं पूर्ण मॉडेलनाव कागदावर लिहून घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर जुळणाऱ्या फोनची यादी असते. त्यात तुमचा फोन नावानिशी शोधा. ‘सगळ्या अँड्रॉइडवर चालतं’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही, कारण कधी कधी ‘चालतं’ म्हणजे मशीन-कंपनीचं फक्त ॲप चालतं, आवाज येत नाही.

पायरी तिसरी: काउंटरवरच कॉल लावा

पैसे देण्याआधीची ही पायरी टाळू नका. ट्रायलचं मशीन तुमच्याच फोनला जोडायला सांगा, दुकानातल्या फोनला नको. मग घरच्या कोणाला तरी फोन करा आणि चार गोष्टी बघा. आवाज दोन्ही कानांत येतो का. पलीकडच्याला तुमचं बोलणं नीट ऐकू जातं का. व्हॉट्सॲपचा कॉलही मशिनमध्ये येतो का, साधाच येतो आणि हा फोनच्या स्पीकरवर वाजतो असं तर नाही ना. आणि दुकानाबाहेर, रहदारीच्या रस्त्यावर येऊन तेच सगळं पुन्हा. आतल्या शांत खोलीत प्रत्येक मशीन उत्तमच वाटतं.

पलीकडच्याला तुमचा आवाज जाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आयफोनच्या आणि ‘आशा’च्या बऱ्याच जोड्यांमध्ये आवाज फक्त फोनकडून मशिनकडे जातो. तुमचं बोलणं मात्र फोनचाच माइक पकडतो. म्हणून फोन खिशात ठेवून बोलता येत नाही, तो तोंडासमोर धरावा लागतो. साध्या ब्लूटूथच्या मशिनांत आणि काही नव्या जोड्यांमध्ये मशिनचा माइकच बोलणं पकडतो, तिथं दोन्ही हात मोकळे. आधी माहीत नसेल तर माणूस फोन टेबलावर ठेवून बोलत बसतो, पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ येतं आणि दोष मशिनला मिळतो.

घरी वापरून बघायला किती दिवस मिळतील आणि परत केलं तर किती पैसे कापले जातील, हे बिलावर लिहून घ्या.

पायरी चौथी: घरी जोडणी

आयफोनमध्ये नेहमीच्या ब्लूटूथच्या यादीत मशीन शोधू नका. सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग हिअरिंग डिव्हायसेस, असं जा. मशीन बंद करून चालू करा. सेलवालं असेल तर सेलचं दार उघडून मिटा, चार्जिंगचं असेल तर डबीत ठेवून बाहेर काढा. चालू झाल्यावर थोडीच मिनिटं ते जोडणीसाठी तयार असतं, म्हणून फोन आधीच त्या पानावर उघडून ठेवा. नाव दिसलं की दाबा. परवानगी दोनदा विचारली जाते, एकदा प्रत्येक कानासाठी. पहिल्यांदा होकार देऊन फोन बाजूला ठेवला की एकच कान जोडला जातो. पुढे साइडचं बटण तीनदा दाबलं की मशिनचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी समोर येते, तेवढं घरातल्या माणसाला शिकवून ठेवा.

अँड्रॉइडमध्ये जागा फोननुसार बदलते. काही फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत हिअरिंग डिव्हायसेस असा भाग आहे, बाकीच्यांत कनेक्टेड डिव्हायसेसमधून ‘पेअर न्यू डिव्हाइस’ करायचं. मी बहुतेकांना कंपनीच्या ॲपमधूनच जोडायला सांगतो, ते पायरीपायरीनं नेतं. ॲप लोकेशनची परवानगी मागतं तेव्हा लोक घाबरून नाही म्हणतात आणि मशीन सापडत नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये जवळची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ती परवानगी लागतेच. अँड्रॉइड १२ पासून त्याऐवजी ‘निअरबाय डिव्हायसेस’ असं विचारलं जातं.

आणखी एक खोच. बरेच फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप बंद करून टाकतात. मग सकाळी जोडलेलं ॲप दुपारी तुटतं. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं बंधन काढा. ‘ऑटोस्टार्ट’ असा पर्याय असेल तर तोही चालू करा.

हे सगळं करताना कोणी फोनवरून ओटीपी मागितला तर ठेवून द्या. कानाचं मशीन जोडायला ओटीपी लागत नाही.

पायरी पाचवी: पहिले आठवडे

जोडणी झाल्याच्या आनंदात पहिल्याच दिवशी सगळं चालू करू नका. मेसेजची टिंगटिंग, गेमचे आवाज, नातवानं लावलेले रील्स, सगळं थेट मेंदूत वाजल्यासारखं होतं आणि माणूस मशीनच काढून ठेवतो. सुरुवातीला फक्त कॉल मशिनमध्ये येऊ द्या, सूचनांचे आवाज बंद करा. आयफोनमध्ये कॉलचा आणि इतर आवाजांचा रस्ता वेगवेगळा ठरवता येतो, रिंग मशिनमध्ये वाजवायची की नाही हेही.

फोनचा आवाज येत असताना बाहेरचे माइक किती उघडे ठेवायचे, हे ॲपमधून किंवा ऑडिओलॉजिस्टकडून ठरवून घ्या. घरी बसून बोलताना ते बंद बरे. रस्त्यावर मात्र उघडेच हवेत. मुंबई नाक्यावर रस्ता ओलांडताना बस मागून येतेय हे कळायला हवं. खरं तर रस्ता ओलांडताना कॉल घेऊच नये.

ॲपमध्ये आवाज कमी-जास्त करणं, प्रोग्रॅम (घर, रस्ता अशा जागांसाठी आधीच ठरवलेली सेटिंग) बदलणं, हरवलेलं मशीन शेवटी कुठं जोडलेलं होतं ते नकाशावर बघणं, एवढं पहिल्या महिन्यात पुरे. काही कंपन्यांचे ऑडिओलॉजिस्ट ॲपमधूनच दुरून सेटिंग बदलून देतात. सिन्नर, निफाडहून येणाऱ्यांची त्यानं एखादी फेरी वाचते. पण रोज स्लायडर सरकवत बसू नका. मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि रोज आवाज बदलला तर ती होतच नाही. भांडी फार वाजतात, कागद कुरकुरतो, स्वतःचाच आवाज डब्यातून येतो, या सुरुवातीच्या तक्रारी वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला वही घेऊन जा. ‘बरोबर वाटत नाही’ यापेक्षा ‘स्वयंपाकघरात नळ चालू असताना सुनेचं बोलणं कळत नाही’ असं सांगितलंत तर ऑडिओलॉजिस्टला काहीतरी करता येतं.

सेल, ओल आणि रंग

चार्जिंगचं मशीन रात्री डबीत ठेवायचं, एवढंच. सेलवाल्यांनी रंग लक्षात ठेवा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. हे झिंक-एअर सेल हवेवर चालतात. चिकटपट्टी काढली की वापरा, न वापरा, झिजायला लागतात, म्हणून आधी काढून ठेवू नका. पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल आत घाला. फोनचा आवाज ऐकताना सेल नेहमीपेक्षा बराच लवकर संपतो. रोज तासन्‌तास भजनं ऐकणाऱ्यानं एक पत्ता जास्तीचा घरात ठेवावा.

आपल्याकडे पावसाळ्यात ओल हा मशिनचा मोठा शत्रू. सिलिका जेलची ड्राय डबी घ्या आणि सेलचं मशीन रात्री दार उघडं ठेवून त्यात ठेवा. रिसीव्हरच्या टोकाची जाळी मळानं बुजली की आवाज बारीक होतो. ब्रश त्यासाठीच दिलेला असतो, सुई घालू नका. रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदाच्या, आसपास जरी जाणार असाल तरी मशीन घरी ठेवून जा. पाणी सहन करणारं म्हणून विकलेलं मशीनही धप्पा, म्हणजे त्या हौदात उडी, मारण्यासाठी बनवलेलं नसतं.

टीव्ही, व्याख्यान आणि पुढचं

टीव्हीसाठी वेगळी डबी मिळते. ती टीव्हीच्या ऑडिओ आउटला लावली की आवाज मशिनमध्ये येतो आणि घरातले आपल्या मापानं टीव्ही ऐकू शकतात. मालिकांवरून होणारी भांडणं या एका डबीनं कमी होतात.

नाट्यगृहात किंवा मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत फोन उपयोगी पडू शकतो. आयफोनमध्ये ‘लाइव्ह लिसन’ आहे: फोन वक्त्याच्या जवळ ठेवला की त्याचा माइक ऐकतो आणि आवाज तुमच्या मशिनमध्ये येतो. पहिल्या रांगेत ओळखीचं कोणी हवं, इतकंच. एलई ऑडिओसोबत ‘ऑराकास्ट’ आलं आहे, ज्यात सभागृह स्वतःच आवाजाचं प्रक्षेपण करतं आणि कितीही जण आपापल्या मशिनमध्ये तो ऐकू शकतात. कालिदास कलामंदिरात असं काही लागलं तर मी पहिला जाऊन बसेन. आज घेत असलेलं मशीन त्यासाठी तयार आहे का, की नंतर अपडेटनं होईल, हे खरेदीच्या वेळी विचारून ठेवा.

ज्यांच्या मशिनला ब्लूटूथ नाही त्यांनी गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ हे फुकट ॲप अँड्रॉइडवर घालावं. समोरचा बोलतो ते मराठीत पडद्यावर उमटतं. चुका होतात, पण बँकेच्या काउंटरवर किंवा डॉक्टरांसमोर काम भागतं.

अडलं तर

आवाज तुटला की आधी सेल किंवा चार्ज बघा, मग जाळी, मग फोनचं ब्लूटूथ बंद करून चालू करा, मग दोन्ही मशिनं बंद-चालू. तरीही नाही आलं तर फोनच्या यादीतून मशीन ‘फर्गेट’ करून जोडणी पहिल्यापासून करा. घरात जुना फोन किंवा टॅब पडून असेल तर तो तपासा. पूर्वी जोडलेला असेल तर मशीन त्यालाच जाऊन चिकटतं आणि नवीन फोन वाट बघत राहतो. म्हणून फोन बदलताना जुन्यावरून मशीन आधी काढून टाका, मगच तो नातवाच्या हातात द्या.